झिजावी अशी भेट

मराठी घरांत हाताने केलेल्या वस्तू देण्याचे दोन मोठे प्रसंग आहेत: लग्नातले रुखवत आणि बाळंतविडा. रुखवत मांडतात ते बघण्यासाठी. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, लोकरीच्या बाहुल्या, भरतकाम केलेले अभ्रे टेबलावर ओळीने लागतात, पाहुणे कौतुक करत पुढे सरकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच वस्तू पुढे काचेच्या कपाटात जातात. बाळंतविडा मात्र वापरायचा असतो. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, पायमोजे, स्वेटर यांनी दूध, लाळ आणि शू सोसायची, रोज धुतले जायचे, उन्हात कडक वाळायचे आणि बाळ मोठे झाले की पुढच्या बाळाकडे जायचे. विणकाम आणि गोधडीकामातून दिलेल्या भेटी कुठे फसतात आणि कुठे साधतात, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. बहुतेक भेटी हात कच्चा म्हणून फसत नाहीत. बाळंतविड्याची वस्तू रुखवताच्या नजरेने केली की ती फसते. करणारीची नजर कौतुकाच्या क्षणावर असते, आणि वस्तूचे आयुष्य त्या क्षणानंतर सुरू होते.

बेंगळुरूतल्या मराठी घरांत हे जास्त ठळक दिसते, आणि त्याला कारणे आहेत. या शहराशी मराठीचा संबंध १६३८ नंतरच्या शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. जुन्या पेठांतल्या भावसार आणि नामदेव शिंपी घराण्यांच्या हातात सुई-दोरा आणि रंगकाम पिढ्यानपिढ्या होते. पुढे १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेला विमान कारखाना, मग टेलिफोन कारखाना, संशोधन संस्था आणि शेवटी संगणकाच्या कंपन्या यांमुळे नोकरदार मराठी कुटुंबे येत राहिली. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत या नोकरदार घरांत पुष्कळ ठिकाणी उलटी झाली आहे. लेक माहेरी जात नाही, आईच साताऱ्याहून, सोलापूरहून, बेळगावहून लेकीकडे येते, आणि बाळंतविडा तिच्या पिशवीतून येतो. म्हणजे वस्तू एका गावात विणली जाते आणि वापरली जाते दुसऱ्या गावात. विणणाऱ्या बाईने ते घर पाहिलेले नसते, तिथली हवा अनुभवलेली नसते, कपडे कोण धुते आणि कुठे वाळत घालते हे तिला ठाऊक नसते.

हवेचेच बघा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पुन्हा सत्तावीसच्या आसपास जाते. इथली थंडी पहाटेची आणि संध्याकाळची असते, शिवाय जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांतला गारवा असतो. विणकामाचे प्रचलित नमुने मात्र मुळात बर्फाच्या देशांतून आले: जाड लोकर, बंद गळा, लांब बाह्या, डोक्यावरून घालायचा स्वेटर. असा स्वेटर बेंगळुरूतल्या बाळाला दुपारी घालता येत नाही, आणि तो काढताना झोपलेले बाळ जागे होते. त्याऐवजी पुढून उघडणारे, पातळ सुताचे, बिनबाह्यांचे जाकीट वर्षातले कितीतरी महिने अंगावर राहते. पहिल्या वस्तूत कसब जास्त दिसते, दुसरी जास्त वापरली जाते. दोन्ही करायला लागणारी मेहनत जवळपास सारखीच असते, त्यामुळे हा प्रश्न कष्टांचा नाही, निवडीचा आहे.

मापाच्या बाबतीत तर हे हिशेबानेच दाखवता येते. बाळाचे वजन वर्षभरात जन्मवेळच्या तिप्पट होते आणि उंची सुमारे पंचवीस सेंटीमीटरने वाढते. तरीही भेट म्हणून विणलेले बहुतेक स्वेटर नवजात मापाचे असतात, कारण एवढासा स्वेटर हातात धरला की बघणाऱ्याचा जीव विरघळतो. तो जेमतेम काही आठवडे अंगाला येतो. ते आठवडे एप्रिलमधले असले, तर एकदाही नाही. बाळ जूनमध्ये होणार असेल तर सहा महिन्यांचे माप डिसेंबरात लागेल, हे विणायला बसण्यापूर्वी बोटांवर मोजता येते. दुसरी गफलत टाक्यांची. दहा सेंटीमीटरमध्ये बावीस टाके बसतील असे धरून ११० टाके घातले तर घेर पन्नास सेंटीमीटर होतो. हात घट्ट असेल आणि पंचवीस टाके बसले, तर तोच घेर चव्वेचाळीसवर येतो. वर्षाच्या बाळाची छाती सुमारे सेहेचाळीस सेंटीमीटर असते. एवढ्या फरकाने स्वेटर अंगात जाईनासा होतो. आधी नमुन्याचा एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजला असता तर हे टळले असते. तिसरी गफलत सुयांची. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक रुळले. निलगिरीतल्या केट्टी इथे १९४९ पासून सुयांचा कारखाना आहे, आणि त्याच्या ‘पोनी’ सुया दक्षिणेतच नव्हे तर देशभर वापरल्या जातात. ब्रिटिश क्रमांकात दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची असते, तर अमेरिकी क्रमांकात तीच दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची. अमेरिकी नमुना घेऊन घरातल्या दहा नंबरवर विणायला बसलेल्या बाईच्या हातून स्वेटरऐवजी बाहुलीचा कपडा झाला, तर तिच्या हाताला दोष देता येणार नाही. नमुन्याच्या कागदावर मिलिमीटरचा आकडा शोधा, नसेल तर तो नमुना बाजूला ठेवा.

यानंतर धुण्याचा प्रश्न येतो. हातच्या भेटी सर्वांत जास्त बळी पडतात त्या इथे, म्हणून त्यावर जरा थांबले पाहिजे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि विणलेले कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. ज्या घरात नवजात बाळ आहे आणि आईवडील दोघे नोकरी करतात, तिथे एक स्वेटर वेगळा काढून गार पाण्यात हलक्या हाताने धुतला जाईल अशी अपेक्षा ठेवणे हा त्या घरावर अन्याय आहे. तो एकदा यंत्रात जाणारच. साध्या दुकानात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. ती यंत्रात टिकते, पण घाम टिपत नाही आणि आगीजवळ वितळते. बेंगळुरूच्या हवेला मऊ सुती धागा बरा. तो जड असतो, थोडा लोंबतो, त्यावर टाके लोकरीइतके फुलून दिसत नाहीत, पण रोजच्या धुण्याला पुरा पडतो. लहान बाळासाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. दोरंगी नक्षीच्या मोज्यांत आतल्या बाजूने सुटे धागे धावतात, त्यांत पायाचे बोट अडकून रक्तप्रवाह थांबू शकतो. मोठ्या जाळीच्या विणीत हाताचे बोट अडकते. बटण सैल झाले तर ते तोंडात जाते. रुखवताच्या टेबलावर मोज्याची आतली बाजू कुणी बघत नाही. बाळाच्या पायाला मात्र तीच बाजू लागते.

गोधडीची परंपरा या कसोटीवर किती पक्की उतरते, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी म्हणजे गरिबीतली काटकसर, असे आपण सहज म्हणतो. काटकसर होतीच, पण तेवढ्यावर गोधडीचे यश उलगडत नाही. अनेकदा धुतलेल्या कापडाला जेवढे आटायचे तेवढे ते आटलेले असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो, खळ निघून गेलेली असते. असे चार थर एकावर एक ठेवून जवळजवळ धावदोरा घातला की पुढच्या धुण्यात कुठलाही थर दुसऱ्याला ओढत नाही. आत कापूस भरलेली रजई धुतली की कापसाचे गोळे होतात, मग पिंजाऱ्याची वाट बघायची. गोधडीच्या आत कापडच असते, त्यामुळे ती नदीवर आपटून धुतली तरी तशीच राहते. आता हौसेने केल्या जाणाऱ्या भेटीच्या रजईत नेमके याच्या उलट होते. नवे, न धुतलेले, वेगवेगळ्या जातीचे कापड रंगसंगती बघून निवडतात, सुती तुकड्याशेजारी सिंथेटिक साडीचा तुकडा लावतात, गडद लाल पांढऱ्याला भिडवतात आणि आत जाड पॉलिस्टरची गादी घालतात. पहिल्या धुण्यात सुती तुकडे आटतात, सिंथेटिक आटत नाही, पृष्ठभागावर चुण्या पडतात आणि पांढऱ्यावर लाल उतरतो. शिवाय ती जाड रजई पावसाळ्यात फ्लॅटच्या गॅलरीत दोन-दोन दिवस वाळत नाही. नवे कापड घेऊच नये असे नाही. कापायच्या आधी ते गरम पाण्यातून दोनदा काढावे, एवढेच मागणे आहे.

हा वारसा एकट्या महाराष्ट्राचा नाही, आणि बेंगळुरूत राहणाऱ्या वाचकाला त्याची दुसरी टोके जवळच सापडतील. उत्तर कर्नाटकात हीच वस्तू कौदी म्हणून घरोघर असते. कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ तिची सख्खी बहीण. बंगालमधला कांथा आणि बिहारमधली सुजनीही जुन्या साड्यांतूनच जन्मल्या आणि नवजात बाळाला त्यांत गुंडाळण्याची रीत तिथेही आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंडीचा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या आणि घरात कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलणाऱ्या या समाजातल्या बायका कडेपासून शिवायला सुरुवात करतात आणि तुकडे जोडत आत आत मध्याकडे येतात. आधी आराखडा काढलेला नसतो. हाताशी जे कापड आहे त्यातून रंग ठरत जातात. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी फुले लावतात. ती नसतील तर कवंडी उघडी राहिली असे त्या मानतात. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रूवल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि ते परदेशांतल्या प्रदर्शनांतून भिंतीवर लागले. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी २०१३ मध्ये पुस्तक केले, त्यानंतर शहरी वाचकाचेही तिकडे लक्ष गेले. वापराला पहिली जागा दिली तर सौंदर्य मारले जाईल, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही उदाहरणे पाहावीत. कोपऱ्यातल्या फुलाचा उबेसाठी काहीच उपयोग नाही. ते सजावटीसाठीच आहे, आणि तरीही अंगावर घेताना, धुताना, घडी घालताना आड येत नाही. सौंदर्याची अट घालणाऱ्या त्याच बाईने कवंडी कुणाच्या अंगाखाली जायची आहे हेही आधी ठरवलेले असते.

आक्षेप आणखी कडक करून बघू. काही गोधड्या अंगावर घेण्यासाठी नसतातच. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत १९८७ मध्ये जी प्रचंड गोधडी वॉशिंग्टनच्या मैदानावर पसरली गेली, ती कुणाला ऊब देण्यासाठी नव्हती. मग ती रुखवतच म्हणायची का? मला तसे वाटत नाही. तिच्या प्रत्येक तुकड्याचे माप तीन फूट बाय सहा फूट ठरवलेले होते, साधारण एका माणसाच्या थडग्याएवढे. शिवणारे आई, मित्र, जोडीदार यांनी आपापल्या दुःखाला हवा तो रंग दिला, पण माप सर्वांनी पाळले, म्हणून हजारो तुकडे एकत्र जोडता आले. तिचा वापर म्हणजे सार्वजनिक स्मरण, आणि त्या वापराला काय लागते हे पहिला टाका घालण्यापूर्वी ठरले होते. रुखवताविषयीही माझी तक्रार नाही. लग्नमंडपात बघितले जाणे हाच त्याचा वापर, आणि तो वापर ते चोख पार पाडते.

फसलेल्या कामाचे पुढे काय करायचे, यात विणकाम आणि गोधडी यांचे स्वभाव भिन्न आहेत. विणकामात मागे जाता येते. गळलेला टाका चार ओळी खाली सापडला तर तिथपर्यंत उसवता येते. सगळेच चुकले तर पूर्ण स्वेटर उसवून, लोकरीची लड करून, ओली करून वाळवली की धागा पुन्हा सरळ होतो. वाया जातो तो वेळ, माल वाया जात नाही. कापड एकदा कापले की ते परत अखंड होत नाही, तिथे मागे जाण्याची वाटच बंद आहे. गोधडी म्हणून पुढे जाते: फाटले तिथे ठिगळ, विरले तिथे नवा थर, आणि पार जीर्ण झालेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. विणताना शंका आली की लगेच थांबून उसवावे, कारण प्रत्येक पुढची ओळ उसवण्याचा खर्च वाढवते. गोधडीत कापण्याआधी रेंगाळावे आणि एकदा कापले की रडत बसू नये. नव्याने शिकणाऱ्या बाया पुष्कळदा नेमके उलटे करतात. स्वेटरमधली चूक झाकून पुढे विणत राहतात आणि कापड उत्साहाने आधीच कापून टाकतात.

आता मूळ प्रश्न. बाजारात तयार स्वेटर लोकरीच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळतो, तर हाताने का करायचा? त्यात हात आहेत म्हणून, असे उत्तर देतात. बेंगळुरूत राहून हे उत्तर देता येत नाही. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत लाखो कामगार, बहुतेक बायका, दिवसभर शिवत असतात. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या नियमाविरुद्ध याच बायका होसूर रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला, तेव्हा शहराला त्यांचे चेहरे दिसले. दुकानातले बाळाचे झबलेही कुणाच्या तरी हातांतूनच आलेले असते, आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा सफाईदार हातांतून. त्या बाईला एकच गोष्ट ठाऊक नसते: हे झबले कुणाच्या अंगावर जाणार. घरी विणणारीला तेवढी एकच गोष्ट कारखान्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकते. तिने माप विचारले नाही, महिना मोजला नाही, धुण्याची चौकशी केली नाही, तर आपल्याकडचा एकुलता एक वरचढपणा तिने सोडून दिला. उरते ती कारखान्याइतकी सफाई नसलेली आणि कारखान्याच्या वस्तूपेक्षा महाग वस्तू.

यावर कुणी म्हणेल, भेट ही प्रेमाची खूण आहे, तिचा वापर कसला मोजता? हाताने केलेल्या वस्तूत करणाऱ्याचे प्रेम उतरते असे लोक खरोखर मानतात. २०१५ मध्ये फुक्स, श्रायर आणि व्हॅन ओसेलार यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, जिवलग माणसासाठी भेट घेताना हस्तनिर्मित वस्तूची ओढ वाढते, असे दिसले. पण तिथे मोजले गेले ते भेट घ्यायला निघालेल्याचे मन. वर्षभराने ती वस्तू कुठे आहे, हा प्रश्न वेगळा. शिवाय फसलेली हातची भेट घेणाऱ्यावर ओझे टाकते. विकत आणलेली वस्तू बदलता येते, कुणाला देऊन टाकता येते. सहा महिने खपून केलेला स्वेटर देताही येत नाही आणि घालताही येत नाही, आणि विणणारी घरी येणार म्हटले की तो शोधून बाळाला चढवावा लागतो. आधी विचारले तर भेटीतले अप्रूप जाते, अशीही एक भीती असते. आपल्या परंपरेत डोहाळे विचारतात, आणि विचारून पुरवलेल्या डोहाळ्यांनी डोहाळजेवणाची गोडी कधी कमी झाली नाही.

किती हवे हे न विचारता दिलेल्या उदारपणाचे काय होते, याचे मोठे उदाहरण जानेवारी २०२० मधले. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत भाजलेल्या प्राण्यांसाठी विणलेल्या, शिवलेल्या पिशव्या आणि घरटी हवीत, असे आवाहन एका हस्तकला-गटाने केले आणि जगभरातून इतका माल येऊ लागला की काही दिवसांतच पुरे करा म्हणून सांगावे लागले. उलट डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या, कमी दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस देण्याच्या उपक्रमाने अटी आधी लिहून दिल्या: शंभर टक्के सुती धागा, ताणून बावीस सेंटीमीटरपेक्षा लांब नसलेले पाय, साठ अंशांच्या पाण्यात धुता येणे. त्या ऑक्टोपसमुळे बाळाच्या प्रकृतीत फरक पडतो हे वैद्यकीयदृष्ट्या ठामपणे सिद्ध झालेले नाही, पण वस्तू सुरक्षित राहिली ती या अटींमुळे. आपल्या जवळही एक गरज आहे. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याची ‘कांगारू मदर केअर’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली, आणि बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने कोप्पळ जिल्ह्यात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. त्यात बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणून उष्णता तिथूनच खूप जाते. साधी, गोंडा नसलेली, गरम पाण्यात धुता येणारी टोपी ही विणकामातली सर्वांत सोपी वस्तू. रुखवतात तिच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हातच्या भेटीचे गोडवे गाणे म्हणजे बायकांच्या बिनमोल श्रमाचे गोडवे गाणे नव्हे का? पिढ्यानपिढ्या आजी, मावशी, आत्या यांनी दुपारच्या वेळा यात घातल्या आणि त्यांना बदल्यात ‘हात फार छान’ एवढेच मिळाले. हे खरे आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण त्यामुळे माझे म्हणणे कमजोर होत नाही. वेळ मोलाचा आहे असे मानले, तरच तो न वापरल्या जाणाऱ्या वस्तूत घालणे हा तोटा ठरतो. प्रत्येक बारशाला स्वेटर विणलाच पाहिजे ही सक्ती तोडावी. ‘मला जमणार नाही’ हे उत्तर सरळ मान्य व्हावे. घरातल्या पुरुषांनी सुया हातात घ्याव्यात, आणि आजीच्या साड्यांची गोधडी पैसे देऊन शिवून घेतली तर शिवणारीला तिच्या तासांचा योग्य मोबदला द्यावा, घासाघीस करू नये.

तेव्हा वाचकहो, पहिला टाका घालण्याआधी एक फोन करा. बाळाला कोणत्या महिन्यात कोणते माप लागेल, कपडे यंत्रात धुतात की हाताने, घरी लोकर चालते की नाही, हे विचारा. वस्तू देताना उरलेला धागा, एक जादा बटण आणि धुण्याच्या दोन ओळी सोबत द्या. आणि वर्षाने पुन्हा फोन करून विचारा, ती कुठे विरली आहे. विरली असेल, तर दुरुस्त करून द्या.